सतरा नंबरचं बोचकं

माझ्या नणंदेला ऑफसाइड कळत नाही. फुटबॉल क्लबात बावीस वर्षं नोकरी झाली, तरी अजून विचारतात, "वहिनी, तो मुलगा चांगला पळत होता की, मग शिट्टी कशाला मारली?" मी क्लबाचं कँटीन चालवते. तिथल्या फळीवर कपबशा मांडून समजावलं, बिस्किटं मांडून समजावलं, शेवटी हात टेकले. वन्संनी त्यातलं एक बिस्किट खाल्लं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या हो. मला कपडे कळतात."

आणि कळतात म्हणजे काय! ह्या बाईने नुसते मळके कपडे बघून आमच्या क्लबाला सहा खेळाडू मिळवून दिले. मोठ्या क्लबांची माणसं विमानाने फिरतात, कॉम्प्युटरवर आकडे जुळवतात. आमच्या वन्सं साबणाच्या पाण्यात हात घालून सांगतात, "हा घ्या." सातव्याच्या वेळी मात्र भलताच घोळ झाला. तोच सांगायला बसलेय, मध्ये बोलू नका.

वन्संची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या खाली आहे. छत तिरकं, त्यामुळे उंच माणूस आत शिरला की कपाळाला टेंगूळ ठरलेलं. धुवायची दोन मशिनं. त्यातलं एक जोरात फिरायला लागलं की थरथरत दारापर्यंत चालत येतं, म्हणून त्याच्यापुढे लाकडाचा ठोकळा अडकवलेला. एक सिमेंटचा हौद, वर दोऱ्या, आणि एकच खिडकी. तिच्यातून मैदान नाही, मागची गाड्या लावायची जागा दिसते. म्हणजे मैदानाच्या काठावर बावीस वर्षं काढून ह्या बाईने एक मॅच पुरती पाहिलेली नाही. लग्नही केलं नाही. कोणी विषय काढला की म्हणतात, "पंचवीस पुरुषांचे कपडे धुते मी. सव्विसावा कशाला?"

आमची लीग गरिबांची. पाहुणा संघ आठ-दहा तास बसमध्ये बसून येतो, दोन दिवसांनी त्याला तिसरीकडेच खेळायचं असतं, आणि बहुतेकांकडे कपड्यांचा एकच जोड. म्हणून पद्धत अशी पडलीय, की ज्याच्या मैदानावर मॅच त्यानेच पाहुण्यांचेही कपडे धुवायचे आणि सकाळी घडी करून त्यांच्या बसमध्ये ठेवायचे. प्रत्येक खेळाडू आपली चड्डी नि मोजे शर्टात गुंडाळतो, पाठीवरचा नंबर दिसेल असं बोचकं करतो आणि टोपलीत टाकतो. सगळ्या लीगचा मळ असा वर्षातून एकदा वन्संच्या हातून जातो.

आधी मला वाटायचं, बाई उगाच वेळ लावतात. एकेक शर्ट उजेडात धरायचा, उलटा करायचा, वास घ्यायचा. मी चहा घेऊन जायची तेव्हा त्यांची बडबड चालू असायची. "हा बघा, चड्डीच्या मागच्या बाजूला चिखल. घसरून बुडावर पडतो. हा बघा, एका कुशीला चिखल. हा शिकलेला आहे, नीट आडवा होऊन बॉल काढतो. ह्याने कॉलर चावलीय, घाबरट आहे बिचारा." आवडलेल्या शर्टाला वाळत घालताना त्या पिवळा चिमटा लावायच्या. बाकीच्यांना निळे.

एकदा अशाच एका शर्टाची पाठ त्यांनी माझ्यापुढे ताणली. शिवण उसवलेली, कापड सैल पडलेलं. "वहिनी, ह्याला मागून धरून ठेवावं लागतं सगळ्यांना. म्हणजे हा पुढे निघून जात असणार, हो ना?" मी हसत हसत ते कोचच्या कानावर घातलं. कोचही हसला. पण मग गुपचूप जाऊन त्या मुलाचा खेळ बघून आला. तो मुलगा आम्हाला चहा-बिस्किटाच्या भावात मिळाला. दोन वर्षांनी एका मोठ्या क्लबाने त्याला उचलला आणि त्या पैशांतून पायऱ्यांवर पत्र्याचं छप्पर आलं. आजही आम्ही त्या मुलाला छप्पर म्हणतो. फोनवरसुद्धा तो "मी छप्पर बोलतोय" असंच सांगतो.

आता गेल्या हंगामाचं ऐका. आठ मॅच उरल्या होत्या आणि आम्ही खालून दुसरे. खालचे दोन संघ लीगमधून बाहेर जातात. बाहेर गेलो तर क्लब बंद, हे सेक्रेटरींनी सरळ फळ्यावर लिहून लावलं होतं. मैदान भाड्याचं, त्याचा मालक टपूनच बसलेला. माझं काय, मी कुठेही चहा विकेन. पण वन्सं? त्या एक दिवस मशिनच्या झाकणावर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यांना भंगारात घालतील, वहिनी." स्वतःबद्दल एक शब्द नाही. मला असं भरून आलं की मी उगाच त्यांच्यावर खेकसले, "काही होत नाही, चहा प्या आधी!"

त्यातच आमचा मधला बचावपटू पाय मोडून घरी बसला. एक नवा माणूस घेण्याइतकेच पैसे होते आणि ट्रान्सफरची मुदत संपायला दोन दिवस. सेक्रेटरींना आम्ही कात्री म्हणतो, कारण त्यांच्यापुढे काहीही ठेवा, ते निम्मं करतात. माझी बिस्किटंसुद्धा. कात्री आणि कोच माझ्या कँटीनमध्ये यादी घेऊन बसले. कोच नाव वाचायचा, कात्री मान हलवायचे. जो पळतो तो परवडत नाही आणि जो परवडतो तो पळत नाही, असं चाललं होतं. मी फळी पुसत होते. मला राहवेना. "वन्संना विचारलंत का?"

वन्सं हात पुसत वर आल्या. क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या, "तो हिरवा संघ आला होता ना, त्यांचा सतरा नंबर. पाठीवर घामाच्या मिठाची रेघ पार कमरेपर्यंत, म्हणजे भरपूर पळाला. पण मोजे गुडघ्यापाशी स्वच्छ, चड्डी स्वच्छ. एकदाही पडावं लागलं नाही, आधीच योग्य जागी पोचत होता. आणि मोजे सरळ करून जोडी लावलेले. बावीस वर्षांत असे मोजे कोणी दिले नाहीत मला."

कोच उडालाच. "अरे हो! सतरा! मागे तो दाढीवाला उभा होता, आपल्या पोरांना बॉलच लागू दिला नव्हता त्याने!" जाऊन बघून यायला वेळ नव्हता. कात्रींनी तिथूनच फोन लावला. हिरव्या क्लबाचा माणूस म्हणाला, सतरा नंबर हवाय? घ्या की, खुशाल घ्या! इतक्या पटकन कोणी आपला चांगला माणूस सोडतं का? तेव्हाच कळायला हवं होतं. पण आम्ही तिघं-चौघं आनंदाने नाचायचेच बाकी होतो.

दोन दिवसांनी सतरा आला. दाढी होती, उंची होती, हसरा होता. आल्या आल्या वन्संच्या खोलीच्या छतावर कपाळ आपटून घेतलं आणि त्यांनाच "सॉरी मावशी" म्हणाला. पोरगा आवडलाच मला. पण सराव सुरू झाला आणि कोचचे डोळे पांढरे झाले. पळायचा वाऱ्यासारखा, पण कुठे पळायचं ते ठाऊक नाही. बॉल डावीकडे, हा उजवीकडे. वळला की पडला. उठला की परत पडला. संध्याकाळी चड्डीच्या मागे चिखलाचा हा एवढा गोळा.

कात्री कँटीनमध्ये येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "घ्या आता! होते नव्हते ते पैसे मोज्यांवर घातले. उद्या क्लब बंद झाला तर त्या बाईंना म्हणावं, मोजेच धुवा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पहिल्या सहांच्या वेळी कुठे होती ही जीभ?" मी म्हणाले. "त्या छपराखाली सावलीत बसता ते कोणामुळे? आजपासून तुमच्या चहात साखर नाही!" आठवडाभर दिली नाही खरंच. बिनसाखरेचा प्यायले कात्री निमूटपणे.

पण आतून माझीही पाचावर धारण बसली होती. खाली गेले तर वन्सं सतराचं सरावाचं बोचकं सोडून बसलेल्या. शर्ट उजेडात धरलेला, कपाळाला आठ्या. मोजे उलटे, एक इथे एक तिथे. म्हणाल्या, "वहिनी, शर्ट ह्याचा आहे, अंग ह्याचं नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशीचा घाम ह्याचा नव्हता. हाक मारा त्याला."

सतरा आला, परत कपाळ आपटलं. वन्संनी रागावून नाही, अगदी प्रेमाने विचारलं, "बाळा, आमच्याशी मॅच होती त्या दिवशी तुझा शर्ट कोणी घातला होता?"

पोराचा चेहरा असा पडला की बघवेना. म्हणाला, "आमच्या पाच नंबरने. मॅचच्या आधी त्यांचा शर्ट खांद्यापासून फाटला. दुसरा होता कुठे? मी बाकावरच बसणार होतो, म्हणून माझा त्यांना दिला. रेफरीला सांगितलं होतं."

"मग तू इथे बोललास का नाहीस?" मी ओरडलेच.

"मला वाटलं, तुम्ही मला सरावात पाहिलं असेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आजवर मला कुठल्याच क्लबाने आपणहून बोलावलं नव्हतं, काकू. पहिल्यांदा कोणीतरी बोलावलं. का बोलावलं ते मी कशाला विचारू?"

आता ह्याच्यावर काय रागवायचं? मी कपाळावर हात मारला आणि त्याला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. रेफरीच्या कागदावर बदल झाला होता, पण पायऱ्यांखालच्या बाईला कोण सांगतो? आणि कोचला चष्मा लागलाय, पण तो घालून मिरवायची लाज वाटते. त्याने दाढी पाहिली आणि नंबर पाहिला. दाढी दोघांनाही होती.

वन्संचं डोकं मात्र पुढे धावत होतं. "तो पाच नंबर कुठे असतो आता?"

"त्यांना काढलं हो," सतरा म्हणाला. "वय झालं म्हणाले, चौतीस. फर्निचरच्या दुकानात कपाटं पोचवतात."

म्हणजे कुठल्याच क्लबात नाही! आणि ज्याला क्लबच नाही त्याला मुदत संपल्यावरही घेता येतं, हा नियम ऑफसाइड न कळणाऱ्या बाईला पाठ होता. क्लबाची गाडी आमचेच हे चालवतात. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी काढली. वन्सं पुढे बसल्या, मी नि सतरा मागे. कँटीनला कुलूप. कात्रींना कोणी विचारलंच नाही.

चार तासांनी त्या दुकानापाशी पोचलो. समोरच्या इमारतीत माल चढवणं चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावरून एक दाढीवाला रिकाम्या हातांनी खाली आला, आमच्याकडे पाठ करून टेम्पोतलं दुसरं कपाट पट्ट्याने अंगावर घ्यायला लागला. सतरा ओरडणार तोच वन्संनी त्याचा दंड धरला. त्या माणसाच्या पाठीकडे बघत होत्या. निळा सदरा, आणि त्यावर मिठाची पांढरी रेघ, पार कमरेपर्यंत.

"हाच," वन्सं म्हणाल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

तो वळला. "कोण तुम्ही?"

"तुमचे कपडे धुतलेत मी. एकदाच."

तो माणूस एकदम हसला. "मैदान उताराचं, छप्पर पत्र्याचं? तिथे मोजे फार मऊ झाले होते माझे. मी विचारलंही होतं कोणी धुतले म्हणून."

"तुम्ही सरळ करून का दिले होते?"

"आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होती माझी," तो म्हणाला. "उलटे मोजे सरळ करता करता तिची बोटं आखडून गेली."

तासाभरात तो गाडीत होता. पण आधी ते कपाट वर पोचवून आला आणि मालकाला सांगून आला, हे मला फार आवडलं. पगार माझ्या कँटीनच्या कमाईपेक्षा थोडा बरा, इतकाच ठरला. कात्रींना तोही निम्मा करायचा होता. मी फक्त साखरेच्या डब्याकडे बघितलं. त्यांनी सही केली.

आता कोच हुशार हो, त्याला हुशार म्हणायलाच हवं. पाच नंबरला डोकं आहे पण पाय पूर्वीचे नाहीत. सतराला पाय आहेत पण डोकं कुठेतरी विसरून आलेला. कोचने दोघांना मागे शेजारी शेजारी उभं केलं. मॅचभर थोरला बोलायचा आणि धाकटा पळायचा. "डावीकडे जा. थांब. आता जा. पडू नकोस, उभा राहा!" माझ्या कँटीनपर्यंत ऐकू यायचं सगळं. पहिली मॅच हरलो. दुसरीत बरोबरी. तिसरी जिंकलो आणि कात्रींनी स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा पाजला, मी दोनदा विचारून घेतलं.

प्रत्येक मॅचनंतर सतरा खाली यायचा, कपाळ आपटायचा आणि विचारायचा, "मावशी, पिवळा?" वन्सं त्याचा शर्ट उलटा-सुलटा करून निळा चिमटा दाखवायच्या. तो मान खाली घालून जायचा. मी म्हणायची, "अहो, लावा की एक, तुमचं काय जातं?" त्या म्हणायच्या, "खोटा लावू? मग पिवळ्याला काय अर्थ राहिला?"

असं करत शेवटची मॅच आली. बरोबरी झाली तरी वाचलो, हरलो की संपलं. नव्वद मिनिटं मी कँटीनच्या खिडकीतून बघितलं. एका गिऱ्हाइकाला चहाऐवजी नुसतं गरम पाणी दिलं आणि त्यानेही ते पिऊन टाकलं. वन्संनी दोन्ही मशिनं मुद्दाम चालू ठेवली होती, वरचा आवाज कानावर नको म्हणून. शेवटची शिट्टी झाली आणि मी धावतच खाली गेले. तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी ओल्या हाताने माझं तोंड दाबलं.

"सांगू नका, वहिनी. टोपली येऊ द्या."

माझ्या पोटात कधी काही राहिलंय का? ओठ दाबून उभी राहिले, नुसती फुटायची वेळ आलेली. टोपली आली. वन्संनी आधी पाच नंबर काढला. मिठाची रेघ, स्वच्छ गुडघे, सरळ मोजे. मग सतरा. मोज्यावर गुडघ्यापाशी हिरवा डाग दिसला आणि त्यांचा हात थांबला. शर्ट पालथा केला. पांढरी रेघ, कमरेपर्यंत! चड्डीची मागची बाजू कोरडी. मोजे सरळ, जोडी लावलेली.

तळाशी हात घालून त्यांनी गोलकीपरचा शर्ट ओढला. त्याचे कोपर दर मॅचला असे काळे असतात की दोन पाण्यांत निघत नाहीत. उजवा कोपर उजेडात धरला. मग डावा. मग परत उजवा.

"वहिनी, ह्याने आज उडीच मारली नाही."

मी मान हलवली.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही!" आता मला धीर धरवेना. "बॉल आलाच नाही हो त्याच्यापर्यंत! त्या दोघांनी येऊच दिला नाही!"

"म्हणजे गोल नाही," वन्सं सावकाश म्हणाल्या. "म्हणजे निदान बरोबरी." आणि मशिनपुढचा ठोकळा ओढून त्यावर मटकन बसल्या, हसतायत की रडतायत ते त्यांनाही कळेना. इकडे ठोकळा निघाल्यावर मशिन चालत निघालं दाराकडे. मी त्याला मिठी मारून अडवलं, आणि तेवढ्यात दारातून सतरा आत आला, कपाळ आपटलं, मागे थोरला. वर पायऱ्यांवर लोक पाय आपटत असल्याचा आवाज येत होता.

"मावशी," सतरा धापा टाकत म्हणाला, "बघितलात? नीट बघा हं, माझाच शर्ट होता ना?"

वन्सं उठल्या. दोरीवरचा पिवळा चिमटा काढला आणि त्याच्या अंगातल्या कोरड्या गंजीफ्रॉकच्या खांद्याला लावला.

"अंगही तुझंच होतं, बाळा."

तो एवढा मोठा धटिंगण तिथेच रडायला लागला. थोरल्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी मशिन धरून उभीच होते, तिथूनच ओरडले की कोणीतरी तो ठोकळा लावा आधी.